वायरलेसमामा

मामांच्या खिशात कायम एक छोटी कात्री असायची. माग चालवणाऱ्या प्रत्येकाकडे तशी असते, गाठ मारल्यावर धाग्याचं टोक कापायला. मामा मात्र माग चालवत नव्हते. ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा आणि चालू माग बिघडू न देणारा माणूस. त्यांच्या कात्रीचं काम वेगळंच होतं. कुणाच्या कानातून खाली लोंबणारी वायर दिसली की मामा मागून यायचे आणि कचकन ती वायर कापायचे. गाणं एकदम बंद पडलं म्हणून माणूस वळून बघेपर्यंत मामा दोन माग पलीकडे पोचलेले असायचे.

हे सगळं विट्यातल्या एका यंत्रमाग कारखान्यातलं. चोवीस माग, आठ कामगार, सुताच्या कांड्या भरणाऱ्या चार बायका, एक जॉबर आणि एक दिवाणजी. दिवाणजी मी. वडूजहून बी.कॉम. करून आलो आणि हजेरी मांडणं, सूत मोजून देणं, कापड मोजून घेणं, मालक सांगतील ते कागद लिहिणं, हे करत त्या कारखान्यात पाच वर्षं राहिलो. आता मी तिथं नाही.

आमच्या कारखान्यात मोबाईलला बंदी होती. माणसं माग सोडून व्हिडिओ बघत बसतात म्हणून मालकांनी एक लाकडी पेटी करून माझ्या टेबलाशेजारी ठेवली होती. कामावर येताना प्रत्येकानं मोबाईल तिच्यात टाकायचा. पण बारा तास खटाखट खटाखट ऐकत माणूस जगणार कसा? मग कुणीतरी कराडच्या बाजारातून बटनाचं छोटं प्लेअर आणलं. काडेपेटीएवढं, आत कार्ड, कार्डात हजारभर गाणी. त्यात बघण्यासारखं काही नाही, फक्त ऐकायचं. मालकांनी ते चालवून घेतलं. महिन्याभरात आठही जणांच्या शर्टाच्या खिशात प्लेअर आलं आणि खिशातून कानापर्यंत वायर आली.

मामांना गाण्याचा राग नव्हता. राग वायरीचा होता. ते मुळात भितरे होते, हे लोकांना पटलं नसतं. अंगानं दणकट, मिशा भरघोस, हात काळेभोर. पण चालू मागाजवळ लोंबणारी कुठलीही गोष्ट दिसली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. कांड्या भरणारी एखादी बाई पदर न खोचता आली तर मामा तिच्याकडे न बघता, वर पत्र्याकडे तोंड करून ओरडायचे, "पदर! पदर!" मफलर, जानवं, ताईत, गळ्यातली माळ, सगळ्यावर त्यांची नजर. तरुणपणी इचलकरंजीत काम करताना शेजारच्या मागावरच्या माणसाचा मफलर पट्ट्यात गेलेला त्यांनी पाहिला होता. तो माणूस वाचला, पण त्याचं पुढं काय झालं ते मामांनी कधी सांगितलं नाही. "वाचला" एवढं म्हणायचे आणि तंबाखू मळायला लागायचे.

"आवं मामा, पाचवी वायर कापली तुमी माझी," सिद्राम एकदा वैतागून म्हणाला. सिद्राम जतकडचा. पस्तिशीचा, सडपातळ, सगळ्यात चांगला कामगार. बायको आणि एक मुलगी घेऊन विट्यात खोली करून राहायचा.

"सहावी बी कापीन."

"मग काय भजनं म्हनायची का आमी कामावर?"

"म्हन की. तोंडाला वायर न्हाई."

मामा मूळचे आटपाडीकडचे. घरची मेंढरं. लहानपणी बापाबरोबर रानोमाळ हिंडलेले. ते सांगायचे की बापाला शंभर मेंढरांतलं एक जरी मागं राहिलं तरी पाठमोरं चालताना कळायचं, गळ्यातल्या घंट्यांचा आवाज "उना" यायचा म्हणून. मामांनीही तसेच कान कमावले होते. सकाळी सात वाजता माग सुरू झाले की ते दारात उभे राहायचे. डोळे मिटून. आपल्याला चोवीस मागांचा एकच गोंगाट ऐकू यायचा, त्यांना चोवीस वेगळे. मग सरळ चालत जाऊन अकरा नंबरच्या मागावर हात ठेवायचे. "हिचा धोटा कुरकुरतोय." धोट्याला ठोका देणारा पट्टा उघडून बघावं तर खरंच चामडं झिजलेलं असायचं. धोटा म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. त्याची दोन्ही टोकं लोखंडी आणि टोकदार. पट्टा झिजला, ठोका वाकडा बसला, की हा धोटा मागाबाहेर उडतो. उडालेला धोटा भिंतीला लागला तर गिलावा पडतो. माणसाला लागला तर काय होतं ते सांगायला नको. मामांच्या कारकिर्दीत आमच्याकडे धोटा उडाला नव्हता. उडायच्या आधीच ते त्या मागापाशी पोचलेले असायचे.

बाकी माणूस विचित्रच. जेवताना बोलायचे नाहीत, आणि कुणी बोललं तर डबा उचलून दुसरीकडे जायचे. मागाला "ही" म्हणायचे, मालकाला "तो" म्हणायचे, तेही मालकासमोर. रविवारी वीज नसली, कारखाना बंद असला तर त्यांना चैन पडायचं नाही. खोलीतून निघून एस.टी. स्टँडवर जाऊन बसायचे, गाड्यांचा आवाज ऐकत. त्यांची बायको गावाकडे शेळ्या सांभाळायची. महिन्यातून एकदा सुट्टीच्या आदल्या रात्री मामा जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. "लय गप हाय तितं," म्हणायचे.

वायरीचा प्रश्न पेटला तो एका उन्हाळ्यात. आठही जणांनी मालकांकडे तक्रार केली की मामा आमचं नुकसान करतात. मालकांनी मामांना बोलावलं. मामा म्हणाले, "त्यानं वायरीची जबाबदारी घ्यावी. मग मी कात्री टाकतो." मालक हसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दिवाणजी, काहीतरी मार्ग काढा."

दुसऱ्या दिवशी मामा माझ्या टेबलापाशी आले. "गड्या, बिनवायरीचं असतंय म्हनं कानातलं."

"असतं मामा. पण ते मोबाईलला जोडतात."

"ह्या बटनवाल्याला?"

मला माहीत नव्हतं. सुताच्या कामाला सांगलीला जायचं होतं, मामा म्हणाले मी पण येतो. कारखाना चालू असताना मामांनी सुट्टी घेतल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

सांगलीच्या त्या दुकानात आम्ही तासभर होतो. दुकानदार तरुण होता, आधी त्याला आमची गंमत वाटली. "काका, प्लेअर आता कोण वापरतं? बनवायचेच बंद होत आलेत."

"आमच्यात मोबाईल बंद हाय."

"मग वायरवालाच घ्या. स्वस्त आणि मस्त."

मामांनी खिशातून एक कापलेली वायर काढून त्याच्या काचेवर ठेवली. "ह्ये मला नको हाय."

मग तो पोरगा जरा नीट बोलायला लागला. त्यानं सांगितलं की या प्लेअरला ब्लूटूथ नाही, पण हेडफोनच्या भोकात बसणारं एक छोटं यंत्र मिळतं. ते गाणं हवेतून फेकतं आणि कानातलं ते झेलतं. मात्र प्लेअर एकदा चार्ज करायचं, ते यंत्र एकदा, कानातलं एकदा. मामा सगळं ऐकत होते, म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मधूनच विचारायचे, "आं?" दुकानात वर्दळ होती, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"धा वर्सांनी काय आसंल?" मामांनी विचारलं.

"दहा वर्षांनी वायरच नसेल काका. कुठंच नसेल. मोबाईलची भोकंसुद्धा बंद होतायत आता."

मामांचा चेहरा असा उजळला की मी तसा तो कधी पाहिला नव्हता. "मग धा वर्सं कशाला थांबायचं?" ते म्हणाले आणि दोन जोड घेतले. एक मानेत अडकवायचा, एक डोक्यावरून घालायचा मोठा.

तेव्हापासून कारखान्यात त्यांचं नाव वायरलेसमामा पडलं. दिवसाचं काम उरकलं की ते माझ्या टेबलावर ती यंत्रं मांडून बसायचे. निळा दिवा लुकलुकला की खूश, विझला की हवालदिल. एक ना दोन, अडचणींचा पाऊस. मानेत अडकवायच्या जोडाच्या जाळीत कापसाची तूस बसायची आणि आठ दिवसांत आवाज घोगरा व्हायचा. मामा दात घासायच्या जुन्या ब्रशनं ती साफ करायचे. मोठ्या हेडफोनात घाम साचायचा. एकदा दोन नंबरवरच्या माणसाच्या कानात सिद्रामच्या प्लेअरमधलं कन्नड गाणं शिरलं, त्याला वाटलं आपल्याला भास होतोय. मामांनी प्रत्येक यंत्राला रंगीत दोरा बांधला, एकाचं दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. वहीत त्यांनी चार पानं लिहिली होती, किती तास चार्जिंग पुरतं, किती मागांपलीकडे आवाज तुटतो, पत्र्याच्या खांबाआड काय होतं. त्यांचं अक्षर मोठं, शाळकरी. मला ते म्हणायचे, "गड्या, ह्ये बसलं ना, तर कारखान्यात येक बी वायर ऱ्हानार न्हाई. मग मी मेलो तरी चालंल."

आणि याच खटाटोपात मला ती गोष्ट कळली, जी कळली नसती तर बरं झालं असतं असं मला कैक वर्षं वाटत राहणार आहे.

दुपारी जेवायची वेळ होती. माग बंद होते. मामांनी मोठा हेडफोन डोक्यावर चढवला, प्लेअरचं बटन दाबत दाबत आवाज वाढवला आणि मान हलवायला लागले. मी टेबलाच्या या बाजूला बसलो होतो. मला तिथं गाण्याचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. हेडफोनातून बाहेर सांडत होता तो आवाज.

"बारीक लागतंय," मामा म्हणाले. "लांबनं आल्यावानी."

तेवढ्यात सिद्राम आला. "बघू मामा," म्हणून त्यानं हेडफोन स्वतःच्या कानावर ठेवला आणि किंचाळून फेकून दिला. "आयला! कान फोडताय काय माझं?"

मामा एकदा सिद्रामकडे बघत होते, एकदा हेडफोनकडे. मग म्हणाले, "बॅटरी उतरल्या आसंल. बारीक-मोठा हुतोय आवाज."

सिद्राम हसून कामाला गेला. मी हसलो नाही. मामांनी हेडफोन उचलून तूस झाडली आणि कपाटात ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर मात्र मी बघायला लागलो. सकाळी दारात डोळे मिटून उभे राहणारे मामा हल्ली डोळे उघडे ठेवत होते. एकेका मागापाशी जाऊन तळवा टेकवत होते. लोकांना वाटायचं, म्हातारपणीचा लळा. मला कळत होतं की जे कानांना येत नाही ते तळहातानं शोधतायत. कधी पान्ह्याचं एक टोक दातात धरून दुसरं मागावर टेकवायचे आणि तसेच उभे राहायचे. जेवताना कुणी बोललं तर डबा घेऊन उठून का जायचे, तेही तेव्हा कळलं. उत्तर द्यावं लागू नये म्हणून.

तीस-पस्तीस वर्षं त्या गोंगाटात काढलेला माणूस. कानात बोळा घालायची कुणाला पद्धतच नव्हती. खरं तर यात नवल काय होतं? पण कान गेलेला जॉबर म्हणजे डोळे गेलेला ड्रायव्हर. मालकांना सांगावं तर मामा घरी जाणार, त्या "लय गप" गावात. मामांना विचारावं तर त्यांची मान खाली जाणार. आणि नाही सांगावं तर रोज सकाळी सात वाजता माग सुरू होताना मला उडालेला धोटाच दिसणार. मी तिसरा मार्ग धरला. माझ्या मते तो शहाणपणाचा होता. मी स्वतः ऐकायला शिकलो. हजेरी झाली की मी मागांमधून एक फेरी मारायचो, कान टवकारून. पहिल्यांदा काही कळायचं नाही. मग हळूहळू कळायला लागलं की चांगला माग कसा बोलतो आणि आजारी कसा. काही वेगळं वाटलं की मी मामांच्या समोर जाऊन, तोंड दिसेल असं उभं राहून म्हणायचो, "मामा, सोळा नंबर बघता का जरा? कापडात डाग दिसला."

कापडाचं निमित्त करायचो मी. मामा सोळा नंबर उघडायचे, दोष सापडायचा. ते माझ्याकडे बघून मान हलवायचे. वर्ष-सव्वा वर्ष असं चाललं. मला वाटलं, असंच चालेल. पण रात्री झोपेत मला धोट्याचा आवाज यायचा आणि मी सुट्टी घ्यायची सोडून दिली. गावच्या जत्रेलाही गेलो नाही.

तोपर्यंत बिनवायरीचं कानातलं चौघांच्या गळ्यात आलं होतं. सिद्राम सगळ्यात आधी. मामांची कात्री खिशातच राहायला लागली होती.

श्रावणातल्या एका सोमवारी मला सांगलीला जावं लागलं. कराच्या कागदांची काहीतरी भानगड होती, मालक म्हणाले तुम्हीच जा. मी जाता जाता घाईघाईनं एक फेरी मारली. सगळं ठीक वाटलं. सात नंबरजवळ जरा थांबलो होतो, काहीतरी होतं, पण गाडी सुटायची वेळ झाली होती.

दुपारी अडीचला फोन आला. सात नंबरचा धोटा उडाला. सिद्राम समोरच्या मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होता. धोटा त्याच्या डाव्या खांद्याजवळ लागला, हाड मोडलं. वीतभर वर लागला असता तर गळ्यात शिरला असता. त्याच्या कानात हेडफोन होता.

मी संध्याकाळी परत आलो तेव्हा सिद्रामला दवाखान्यात ठेवलं होतं आणि कारखान्यात मालकांनी निकाल देऊन टाकला होता. चारही हेडफोन माझ्या टेबलावर पडले होते.

"ऐकू आलं असतं तर बाजूला झाला असता," मालक म्हणाले. "कानात बोंबलतंय, माग ओरडतोय ते कळणार कसं? दिवाणजी, कागद करा. कानात यंत्र घालून काम करत होता, त्याच्या स्वतःच्या चुकीनं अपघात झाला. त्याची सही घेऊन या."

मामा कोपऱ्यात उभे होते. हात पुसत होते, पुसलेलेच हात परत पुसत होते. मालक काय म्हणाले हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, कारण मालकांची पाठ त्यांच्याकडे होती. त्या खोलीत हे फक्त मला ठाऊक होतं.

मी कागद लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. सिद्रामनं उजव्या हातानं सही केली. वाचून बघितलं नाही. "तुमीच लिव्हलंय न्हवं दिवाणजी?" एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो कागद माझ्या टेबलावर होता, मालकांकडे द्यायचा राहिला होता. मामा आले, त्यांनी तो उचलला आणि ओळीवर बोट ठेवत वाचला. दोनदा वाचला. मग कागद जागेवर ठेवून सरळ मालकांच्या खोलीत गेले. मी मागं मागं गेलो.

"त्या सात नंबरवरनं मी सकाळी दोनदा गेलतो," मामा म्हणाले. नेहमीसारखेच मोठ्यानं. "पट्टा बोलत आसनार. घंटाभर बोलल्याबिगर पट्टा तुटत न्हाई. मला ऐकू न्हाई आलं. पोराच्या कानातल्याचा दोष न्हाई. कान माजं गेल्यात."

मालकांनी विचारलं, "कधीपासून?"

मामांना ते ऐकू आलं नाही. मालकांनी परत, मोठ्यानं विचारलं.

"लय दिस झालं," मामा म्हणाले.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी मामांना खुर्ची दिली, चहा मागवला. पुढच्या सोमवारी इचलकरंजीचा नवा जॉबर येईल, तुम्ही आता आराम करा, म्हणाले. पण कागद मात्र तसाच राहू दे, असं त्यांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं. बहिऱ्या जॉबरच्या भरवशावर चोवीस माग चालवले, असं कागदोपत्री आलं तर कारखान्याला कुलूप लागेल. मी "बरं" म्हणालो.

मामा गावाला जायच्या आधी मी त्यांना सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मनाला खात होतं, दुसरं काय. तिथं एका काचेच्या खोलीत त्यांना बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि हातात एक बटन दिलं. आवाज आला की दाबायचं. तपासणारी मुलगी बाहेर यंत्रापाशी बसली. मी काचेतून बघत होतो.

मामा ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. पहिल्यांदा बटन दाबलं गेलं नाही. मग एकदम दाबायला लागले. एक, दोन, एक, दोन. मुलगी गोंधळली. तिनं अजून आवाज सोडलाच नव्हता. मला ती लय ओळखू आली. चांगल्या मागाची लय होती ती, धोटा इकडून तिकडे जातो आणि तिकडून इकडे येतो, तशी. नापास होऊ नये म्हणून मामा अंदाजानं बटन दाबत होते.

मुलीनं दार उघडलं. "काका, घाई नाही. ऐकू आलं तरच दाबा. नाही आलं तर नाही दाबायचं, चालतंय."

"न्हाई दाबलं तर चालतंय?" मामांनी तिच्या ओठांकडे बघत विचारलं.

"चालतंय."

त्यानंतर ते बटन हातात घेऊन नुसते बसून राहिले. बराच वेळ. दोन-तीनदाच अंगठा हलला.

डॉक्टरांनी सांगितलं की नस गेली आहे, परत येणार नाही, पण यंत्रानं बोलणं समजेल. महिन्यानं यंत्रं आली. तोवर मामा गावी होते, माझ्या निरोपावरून परत आले. कानामागं बसणारी, घेवड्याच्या दाण्याएवढी दोन यंत्रं. तपासणाऱ्या मुलीनं ती बसवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काका, माझं बोलणं येतंय का?" मामा दचकले. मग त्यांनी मान डोलावली आणि उगीचच खिडकीबाहेर बघितलं.

सांगलीच्या स्टँडवर आम्ही चहा घेतला. मी सवयीनं त्यांच्या समोर तोंड करून ओरडलो, "साखर घालू का?"

"हळू बोल गड्या. येतंय ऐकू."

गाडीला वेळ होता. मामांनी बशी खाली ठेवली. "येक इचारू? तू कापडात डाग हाय म्हनून मला बलवायचास. डाग कवाच नसायचा. तुला कवापासनं ठावं हुतं?"

इतकी वर्षं मी त्यांच्याशी ओरडून बोललो होतो. आता हळू बोलायचं होतं, आणि ते सगळ्यात अवघड गेलं. मी सांगितलं. हेडफोन डोक्यावर घालून "बारीक लागतंय" म्हणालात, त्या दिवसापासून. सात नंबरपाशी त्या सकाळी थांबलो होतो, तेही सांगितलं. काहीतरी ऐकलं होतं आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेलो होतो, हे मी तोपर्यंत स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

शेजारच्या फलाटावर गाडी लागली, गेली. मामांनी कानाला हात लावला तेव्हा मला वाटलं आता यंत्र काढून टाकणार. त्यांनी ते फक्त नीट बसवलं.

"मला सांगून काय उपेग," ते म्हणाले. "सिद्रामला सांगितलंस?"

"नाही."

"कागद कुनी लिव्हला हुता?"

"मी."

"मग चल."

विट्यात उतरून आम्ही पायीच सिद्रामच्या खोलीवर गेलो. तो दारात बसला होता, हात अजून गळ्यात बांधलेला. त्याची मुलगी आत अभ्यास करत होती. बायको कामाला गेली होती. सिद्राम मामांना बघून उठायला लागला, मामांनी त्याला खांद्याला न धरता दंडाला धरून खाली बसवलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी उंबऱ्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "सात नंबर कुरकुरत हुतं, व्हय दिवाणजी?"

"होय."

"आनि तुमाला ऐकू आलं."

"आलं."

तो आपल्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिला. "मी कानातलं घालून काम करत हुतो म्हनून मला झालं, आसं मी बायकोला सांगितलंय," तो म्हणाला. "लेकीला बी सांगितलंय. माजीच चूक म्हनून."

मी त्याच्या मुलीकडे वहीचं एक पान मागितलं. तिनं मधलं पान नीट फाडून दिलं, पेनही दिलं. गुडघ्यावर ठेवून मी लिहिलं. सात नंबरच्या मागाचा पट्टा झिजला होता. जॉबरना ऐकू येत नाही हे मला, खाली सही करणाऱ्या दिवाणजीला, सव्वा वर्ष ठाऊक होतं आणि ते मी मालकांना सांगितलं नाही. अपघाताच्या सकाळी मागाचा आवाज बिघडलेला मी स्वतः ऐकला होता. सिद्रामनं कानात काय घातलं होतं याचा अपघाताशी संबंध नाही. आधीच्या कागदावरची त्याची सही मी त्याला तो वाचून न दाखवता घेतली. खाली माझं पूर्ण नाव घातलं. हा कागद मालकांकडे गेला की माझं तिथं काय होणार, ते मला लिहितानाच दिसत होतं.

मी पान सिद्रामच्या पुढं केलं. त्यानं घेतलं नाही.

"वाच," मामा मला म्हणाले.

"मोठ्यानं?"

"न्हाई. बेतानं वाच. आमी हाय हितं तिगं."

मुलगी आतून उठून बापाच्या मागं येऊन उभी राहिली. मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.